वूट्झसाठी थांबलेलं पान

३ फेब्रुवारी

दादा,

कोशाच्या कचेरीचा छापील पत्ता पाहून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता मी हाताने लिहिला. अक्षर ओळखलं असशीलच. अकरा वर्षांत ते काही सुधारलेलं नाही.

काम मात्र कचेरीचंच आहे. कारागिरांच्या शब्दांच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. आपले अण्णा अजूनही मुख्य संपादक, मी आता सहसंपादक. म्हणजे काम पूर्वीचंच, फक्त खुर्चीला हात आलेत. 'व'चा खंड पंधरा मार्चला छापायला जाणार आणि त्यात 'वूट्झ' आहे.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी सांगते. वाचणाऱ्याला काही माहीत नाही असं धरून लिहायचं, ही अण्णांची सवय आता माझ्याही हाडात मुरली आहे. वूट्झ म्हणजे आपल्याकडचं जुनं पोलाद. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाला घालून, तोंड लिंपून, तासन् तास तापवून केलेलं. परदेशी पुस्तकांत हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीला दिसायला लागतो. आपल्याकडे मात्र असा शब्द कोणाच्याच तोंडी नाही. पोर दारात उभं आहे आणि आईबापांचा पत्ता नाही, अशी त्याची गत. पहिल्या आवृत्तीत अण्णांनी तो संस्कृत 'उत्स', म्हणजे झरा, यावरून आल्याचं छापलं. तुझं म्हणणं, तो दक्षिणेकडच्या 'उक्कु', म्हणजे पोलाद, यावरून आला. तिकडच्या एका भट्टीवाल्या घराण्यातल्या आजोबांच्या तोंडून तू तो ऐकला होतास आणि तसं नोंदीचं कार्ड पाठवणार होतास.

ते कार्ड आमच्या खोक्यांत नाही. पुन्हा लिहून पाठवशील का? कोरं कार्ड सोबत ठेवते आहे.

अण्णा बरे आहेत.

तुझी,
टाचणी
(हे नाव तूच ठेवलंस, आता निस्तर.)


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'एकदा पाठवलं होतं. शोधा.' अकरा वर्षांनी चार शब्द, आणि त्यातही मला 'शोधा'! मी काय सरकारी खातं आहे का? पण हसू आलं. पोस्टकार्ड दिवसभर टेबलावर ठेवलं होतं.

टपालात गहाळ झालं असेल रे. होतं तसं.

गेल्या पत्रात 'अण्णा बरे आहेत' असं लिहिलं, ते खरं नाही. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. उजव्याने समोरचं थोडं दिसतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं विचारलं तर म्हणाले, "आधी कोश होऊ द्या." घरात चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागतो आणि वर चौकटीलाच रागावतात, "कोणी हलवली ही?" कचेरीत मी मुद्रितं मोठ्याने वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात. स्वल्पविराम चुकला तरी त्यांना कळतं. कसं, ते देवाला ठाऊक.

काल आम्ही 'वूट्झ'वर आलो. मी जुनी नोंद वाचली. उत्स, झरा, द्रवरूप धातू उसळतो यावरून, वगैरे. 

"हे कोणी ऐकलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, अण्णा. तुम्ही तर्क केला होता."

"चांगला दिसतो तर्क," ते म्हणाले. "दिसायला चांगला म्हणून ठेवून घेतला. काढ तो. मूळ अज्ञात, असं लिही."

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतच नाहीत. घरात तुझा उल्लेख 'तो' असा होतो आणि तसा उल्लेख आला की मी विषय बदलते. पण एक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून तुझ्या कारखान्याची सुरी आणली, मुठीवर तुझा शिक्का असलेली. अण्णांनी पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "धार बरी आहे." त्यांच्या तोंडी 'बरी' म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. मुठीवरचा शिक्काही त्यांनी बोटाने चाचपला. कोणाचा, असं विचारलं नाही. तेव्हापासून दुसऱ्या सुरीने चिरलेलं फळ ते खात नाहीत.

तेव्हा हट्ट सोड आणि कार्ड लिही. 'मूळ अज्ञात' छापून गेलं तर आजोबांनी सांगितलेलं सगळं वाया जाईल. पुढची आवृत्ती आपल्यापैकी कोणी पाहील असं वाटत नाही.

टाचणी


२६ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं आणि पत्रही. तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभी राहून वाचलं, कारण टेबलापर्यंत जायला धीर नव्हता. 'अण्णांचे डोळे असे आणि मी कार्डासाठी अडून बसलो, माझीच लाज वाटली' असं तू लिहिलंस. आणि खाली, 'टाचणी, तू एकटीने सगळं ओढलंस, मी नुसता रुसून बसलो.'

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आधी कार्डाचं सांगते. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले, असं तू लिहिलं आहेस. वाईट वाटलं. पण त्यामुळे या कार्डावर त्यांचा अंगठा नाही, आणि अंगठा नाही तर कार्ड धरत नाहीत. छापील शब्दाला पानाचा आकडा, ऐकीव शब्दाला सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा, हा अण्णांचा नियम. याच नियमावरून तुमचं भांडण झालं होतं. "तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता," असं तू त्यांना तोंडावर म्हणालास. "भट्टीजवळ कधी उभे राहिलात का?" आणि ते म्हणाले, "अंगठा आण, मग बोल." तू दार आपटून गेलास.

तू अंगठा आणलास. मला माहीत आहे, कारण ते कार्ड माझ्या हाती आलं होतं.

आता लिहूनच टाकते. टपालात काही गहाळ झालं नव्हतं. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांनी छापखान्याला निरोप दिला, वूट्झचं पान थांबवा. मला म्हणाले, "त्याचं कार्ड येईल. येईपर्यंत पान हलवायचं नाही." दादा, ज्या माणसाने आईच्या आजारपणातसुद्धा एक पान थांबवलं नव्हतं, त्याने तुझ्यासाठी थांबवलं. तुला त्याने हे कधी कळवलं नाही, ते त्याच्या स्वभावात नाही.

बाराव्या दिवशी टपाल आलं. मी पाकीट फोडलं. तुझं अक्षर, आजोबांचं म्हणणं आणि खाली काळा, ठसठशीत अंगठा. तोपर्यंत मला कचेरीत सहा वर्षं झाली होती. मी हजारो कार्डं लिहिली होती आणि त्यावर नोंद करणाऱ्याची सही अण्णांची. एकदाही 'छान' म्हणाले नाहीत. तू शिक्षण अर्धवट टाकून भट्ट्या फुंकायला गेलास, घर सोडलंस, त्यांना नाही नाही ते बोललास, आणि पान थांबलं ते तुझ्यासाठी. मी घरी राहिले, पोळ्या लाटल्या, मुद्रितं तपासली, माझ्यासाठी कोणी पूर्णविरामसुद्धा थांबवला नसता. मला तुझा हेवा वाटला. दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

मनात होतं, एक दिवस थांबू दे त्यांना. एकच दिवस. कार्ड फाडणं मला जमलं नसतं. कार्ड चुकीचं असलं तरी फाडायचं नाही, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. म्हणून ते मी 'ळ'च्या खोक्यात ठेवलं. आठवतं ते खोकं? सुताराने प्रत्येक अक्षराला एक खोकं केलं आणि 'ळ'लाही केलं. 'ळ'ने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून तिथे कधी कोणी हात घालत नाही. तळाच्या कागदाखाली सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "टपाल आलं का?" मी म्हटलं, "नाही." एकदा नाही म्हटल्यावर पुढच्या दिवशी हो कसं म्हणणार? असे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी त्यांनी 'उत्स' स्वतःच्या हाताने लिहून पान सोडलं आणि पेनाला टोपण न लावताच घरी गेले.

मग छापील खंड पाहून तुझं ते एका ओळीचं पत्र आलं, 'पुरावा दिला तरी तुम्ही झराच पाहणार, तर पाहत बसा.' अण्णांना वाटलं, कार्ड पाठवलंच नाही आणि वर टोमणा मारतोय. तुला वाटलं, अण्णांनी कार्ड केराच्या टोपलीत टाकलं. खरं फक्त मला माहीत होतं आणि मी गुळणी धरून बसले. अकरा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांवर रागावलात, तो राग माझ्या वाट्याचा होता.

परवा खोकं उघडलं. कार्ड जसंच्या तसं आहे. ते बाहेर काढलं तर आजोबांचा शब्द कोशात जाईल. मग ते इतकी वर्षं कुठे होतं, हे अण्णांना सांगावं लागेल. 'अचानक सापडलं' असं म्हणण्याचा मोह होतो. त्यांना दिसत नाही, त्यांना खपेलही. हे लिहितानासुद्धा तो मोह गेलेला नाही.

उत्तर पाठवायची घाई करू नकोस.


९ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे.

अण्णांना सांगितलं. सोमवारी सकाळी, कचेरी उघडल्या उघडल्या, बाकीचे यायच्या आत. कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. हेव्याचंसुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, डोळ्यांना लावलं, काही दिसलं नाही. मग म्हणाले, "वाच."

मी वाचलं. तू किती नीट लिहिलं होतंस ते, दादा. आजोबांचे आजोबा मुशी लावायचे, भट्टी थंड होऊन तीन पिढ्या झाल्या, पण बोलणं घरात राहिलं. तापलेली मूस सांडशीने उचलून हलवायची. आत खळखळ वाजलं तर उक्कु झालं म्हणायचं, नाही वाजलं तर ते अजून लोखंडच, परत आत ठेवायचं. मूस फोडून बघायची नाही, ती भट्टीतच सावकाश निवू द्यायची. घाई केली की वाया. दूध उतू जायला लागलं की आजोबांची बायको चुलीजवळून ओरडायची त्यातही हाच शब्द, पण दोन्ही एकच की नुसते सारखे वाजणारे शेजारी ते त्यांना सांगता आलं नाही, असंही तू प्रामाणिकपणे लिहिलं होतंस.

तिथे अण्णांनी मला थांबवलं. "शेजारी, असं लिहिलंय त्याने?"

"हो."

"मी असतो तर एकच म्हणून ठोकून दिलं असतं," ते म्हणाले. "झरा काय, उतू जाणं काय, जुळतंय म्हणून जुळवलं असतं. त्याने नाही जुळवलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चांगलं कार्ड आहे." चांगलं म्हणाले, दादा. बरं नाही.

मग विचारलं, "आवक शिक्का कोणत्या तारखेचा?"

शिक्का नव्हताच. मी मारला नव्हता. तसं सांगितलं.

"मार. आजच्या तारखेचा. आणि खाली लिही, मधल्या काळात कार्ड कोणाकडे होतं आणि किती दिवस."

"अण्णा, ते कायमचं राहील त्यावर."

"कार्ड कायमचंच असतं," ते म्हणाले.

मी लिहिलं. 'अकरा वर्षे सव्वीस दिवस, माझ्याकडे. जाणूनबुजून.' शेवटचा शब्द त्यांनी सांगितला नव्हता. खाली सही केली. इतक्या वर्षांत कार्डावर केलेली माझी पहिली सही ही.

तीन दिवस ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "इतकी वर्षं मी तुझ्या कार्डांवर सह्या केल्या?"

"हो."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"म्हणून काय झालं?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली.  मग ताट त्यांनी स्वतः उचललं आणि चौकटीला धडकून अर्धी आमटी सांडली. दोघांनी मिळून पुसली.

नवी नोंद त्यांनी सांगितली, मी लिहिली. जशीच्या तशी देते: 'वूट्झ. मुशीत केलेले जुने पोलाद. परदेशी लेखनातील रूप. मूळ बहुधा दक्षिणेकडील भाषांतील उक्कु, पोलाद. वूट्झ हे रूप कसे घडले ते निश्चित नाही. ऐकण्यात, लिहिण्यात किंवा छापण्यात बदल झाला असावा. पहिल्या आवृत्तीत दिलेली उत्स ही व्युत्पत्ती संपादकाची चूक होती. ती मागे घेतली आहे.' त्याखाली आजोबांचं म्हणणं आणि तुझं नाव.

'चूक' हा शब्द सौम्य करू का, असं मी विचारलं. "तुला नियम वेगळा आणि मला वेगळा?" असं म्हणाले.

पान पंधराला जाईल. तुझं काही म्हणणं असेल तर कळव. नसेल तरी कळव. एक शब्द चालेल.


२२ मार्च

दादा,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर माझं नाव नव्हतं, अण्णांचं होतं. पण त्यांना वाचता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. तेव्हा ते कोण वाचून दाखवणार, हेही ठाऊक असेल. की लिहिताना ते लक्षात आलं नाही, कोण जाणे.

मी सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही.

पहिली दोन पानं वाचताना मला काही झालं नाही. त्या दिवसांचं तू विचारलंस, पान खरंच थांबलं होतं का, ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय, असं लिहिलंस. अण्णा मध्येच "हो" म्हणाले, तू समोर असल्यासारखे. मग तिसरं पान आलं. 'तिने केलं ते मी समजू शकतो, पण माफ करता येत नाही. सध्या तरी नाही. ती घरात असेल तर मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही. तिच्या तोंडाकडे पाहून मी एक तर भांडेन, नाही तर रडेन, आणि मला दोन्ही नको. ती नसेल अशा दिवशी मी येतो.'

इथे मी थांबले. अण्णा म्हणाले, "पुढे वाच." मी वाचलं. मग म्हणाले, "ती ओळ पुन्हा." कोणती, ते मला कळलं, 'मी येतो' ही. ती मी पुन्हा वाचली. त्यांनी हात पुढे केला, आधी टेबलाच्या कडेवर गेला, मग माझ्या मनगटावर. तो त्यांनी तसाच ठेवला.

"तू काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं. कोशाचं काही असलं तरच ते असं विचारतात.

मी म्हटलं, "गुरुवारी तुम्ही घरी राहा, मी दिवसभर कचेरीत असेन."

तर गुरुवार. किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे ठेवते, तिला सांगून ठेवलं आहे. अण्णांना दाराशी यायला लावू नकोस. आत गेलास की लांबूनच हाक मार, एकदम जवळ गेलास तर दचकतात. उजव्या बाजूला बस, डाव्या डोळ्याला तू दिसायचा नाहीस. डोळ्यांत चार वाजता थेंब घालायचे असतात, बाटली खिडकीत आहे. घालताना आधी सांग. तू नियमांवरून भांडशील आणि ते भांडणासाठीच बसलेले असतील. भांडा. फक्त थेंब चुकवू नका.

तू जुना चेहरा मनात धरून येशील, तो राहिलेला नाही. मी रोज पाहते म्हणून मला कळत नाही, तुला कळेल. ते तुझा चेहरा हाताने चाचपतील बहुतेक. चाचपू दे.

मला भेटायला थांबू नकोस. माफीचं म्हणशील तर मी वाट पाहीन, पण टपाल आलं का असं कोणाला विचारणार नाही. कचेरी सहाला सुटते. मी सातपर्यंत घरी येत नाही. सातलाही खालूनच बघेन. बैठकीच्या खोलीत दिवा असेल तर तू अजून आहेस असं समजेन आणि आणखी एक चक्कर मारून येईन. तुम्हाला हवा तितका वेळ दिवा राहू द्या.

टाचणी